पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र आणि 'ढ' हा शब्द

आपल्या १९९७ च्या दहावीच्या बॅचचे पुढे साधारण तीन रस्ते झाले. काही जण सायन्सला आणि तिथून इंजिनिअरिंग-फार्मसीला गेले. काही जण जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगावच्या कॉलेजांत आर्ट्स-कॉमर्सला गेले. बारावीला बरे मार्क पडलेले कितीतरी जण डी.एड.ला गेले, कारण दोन वर्षांत शिक्षकाची नोकरी लागायची आशा होती. मानसशास्त्र हा विषय भेटला तो शेवटच्या दोन रस्त्यांवर. आर्ट्सवाल्यांपैकी काहींनी पहिल्या वर्षाला 'सामान्य मानसशास्त्र' घेतलं, डी.एड.वाल्यांना बाल आणि शैक्षणिक मानसशास्त्र होतं. इंजिनिअरिंगला आम्हाला तो विषय नव्हताच. मी तो वाचला अलीकडे, मुलीने अकरावीला घेतला तेव्हा तिच्या बालभारतीच्या पुस्तकातून. मग त्यामागचा इतिहास शोधत गेले, आणि वाचताना सारखा आपला वर्ग आठवत राहिला. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

या विषयाच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तकांत एकाच ठिकाणी होते : १८७९ साल, जर्मनीतलं लाइपझिग, विल्हेल्म वुंट यांची प्रयोगशाळा. भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि प्रा. व्ही. के. कोठूरकरांनी तो नावारूपाला आणला. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते, आणि प्रज्ञावंत मुलांचं शिक्षण हा त्यांचा ध्यास होता. म्हणजे आपल्यापासून एसटीने अडीच-तीन तासांच्या अंतरावर हे सगळं चाललं होतं.

आपल्यापर्यंत त्यातले शब्द पोचले ते परीक्षेपुरते. वेदन, संवेदन, अवधान, अभिसंधान, प्रबलन. पाठ करायला अवघड, पण गोष्टी ओळखीच्या. पाव्हलॉव्हचा कुत्रा घंटा वाजली की लाळ गाळतो, याला अभिसंधान म्हणतात. आपल्या गोठ्यात धारेच्या वेळी नुसता बादलीचा आवाज झाला तरी गाय पान्हा सोडते, तेही तेच.

मला मात्र जास्त खिळवून ठेवलं ते बुद्धिमापनाच्या प्रकरणाने. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. शिक्षण सक्तीचं झालं होतं, सगळी मुलं शाळेत येत होती, आणि काही मागे पडत होती. त्यांतल्या कोणाला वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची गरज आहे, हे ठरवायचं कसं? आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये त्यासाठी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या प्रश्नांची मालिका तयार केली. बुद्धीची ही पहिली उपयोगी चाचणी. हुशारांची यादी लावायला नव्हे, तर मदत कोणाला हवी ते शोधायला ती जन्मली. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी तिची सुधारित आवृत्ती केली आणि बुद्धिगुणांक हा शब्द जगभर गेला.

ही चाचणी मराठीत आणण्याचं काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केलं. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, धारवाडकडे, त्यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी टर्मन यांच्या आवृत्तीवरून नवी चाचणी बसवली. १९३४ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख आला आणि १९४० मध्ये इंग्रजी ग्रंथ. हीच बिने-कामत चाचणी. आजही देशभरातल्या दवाखान्यांत आणि मार्गदर्शन केंद्रांत ती वापरतात.

तिचं गणित आपल्या पद्धतीने मांडते. दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वयाला सहा प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन महिने. समजा दहा वर्षांच्या एका मुलाने सात वर्षांपर्यंतचे सगळे प्रश्न सोडवले, आठव्या वर्षाचे तीन आणि नवव्याचा एक. त्याचं मानसिक वय झालं सात वर्षं आठ महिने, म्हणजे ९२ महिने. खरं वय १२० महिने. भागाकार करून शंभरने गुणलं की बुद्धिगुणांक ७७. आकडा नेमका वाटतो. पण माझ्या कामात आम्ही आधी विचारतो, की हे माप कशावर बेतलंय? इथे ते बेतलंय १९३० च्या आसपासच्या मुलांवर. शिवाय आहुपे किंवा तळेरानकडून आलेला महादेव कोळ्यांचा मुलगा हिरड्याची प्रत हातात घेऊन सांगेल, रानातली झाडं ओळखेल. ते विचारणारा प्रश्न चाचणीत नसेल, तर त्याचे महिने धरले जाणार नाहीत. म्हणून आकड्याबरोबर मूल कुठून आलं आणि त्याला कोणत्या भाषेत विचारलं, हेही पाहावं लागतं.

आता 'ढ' बद्दल. नाणेघाटाच्या लेण्यातला सातवाहनांचा शिलालेख आपण पाहिला आहे. तो ब्राह्मी लिपीत आहे. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बहुतेक अक्षरांची रूपं पार बदलली, 'ढ' मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणून कितीही शिकवलं तरी न बदलणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू लागले, अशी व्युत्पत्ती सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, शब्दाचा अर्थ तिने अचूक पकडला आहे. 'ढ' म्हणजे कमी मार्कांचा नव्हे, 'ढ' म्हणजे कधीच न बदलणारा. आणि नेमकं हेच बिने यांना मान्य नव्हतं. बुद्धी म्हणजे जन्मतः मिळालेलं, वाढवता न येणारं ठरावीक माप आहे, या मताचा त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक शब्दांत निषेध केला. लक्ष, स्मरण, विचार हे सरावाने सुधारतात असं ते म्हणत, आणि तसे व्यायामही त्यांनी सुचवले.

आपल्या वर्गात तोंडी उत्तर बरोबर देणारी, पण लिहायला घेतलं की जोडाक्षरं उलटी करणारी मुलं होती. वाचायला उभं केलं की ती घामाघूम व्हायची. याला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि तिचा बुद्धी कमी असण्याशी संबंध नाही, हे तेव्हा पुस्तकांत आलेलं होतं. महाराष्ट्र शासनाने १९९६ च्या सुमारासच अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती देऊ केल्या होत्या. म्हणजे आपली दहावी होण्याच्या आधी. आपल्या दोन तालुक्यांत ती सवलत कोणी घेतल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. त्यांतले काही जण दहावीलाच थांबले. आज त्यांतलेच कोणी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शेकडो क्रेटचा हिशेब तोंडी करतात. ते हुशार होते हे आता सगळेच म्हणतात. ते त्यांना तेराव्या वर्षी ऐकायला मिळायला हवं होतं.

गुरुजनांना यात दोष देण्याचा हेतू नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, हाताशी खडू आणि फळा, आणि मार्गदर्शन केंद्र थेट पुण्यात. सायन्सला जाणारा तेवढा हुशार आणि मानसशास्त्र हा 'सोपा' विषय, अशी तर गावभर समजूत होती.

आज परिस्थिती वेगळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. मानसशास्त्राचं अकरावी-बारावीचं पुस्तक मराठीत आहे. आणि मुख्य म्हणजे, आपल्या बॅचचे डी.एड.वाले आता मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख होण्याच्या वयात आहेत. मित्रमैत्रिणींनो, ज्या विषयाचे मार्क तुम्ही दोन वर्षांत मिळवून ठेवलेत, त्याची खरी परीक्षा रोज तुमच्यासमोर बसते. एखादं मूल मागे पडत असेल, तर त्याच्या पालकांना तपासणीचा आणि सवलतीचा रस्ता दाखवा. फॉर्म भरणं, पुण्यात कोणाला भेटायचं ते शोधणं, एवढं आम्ही शहरात गेलेले नक्की करू शकतो. मेळाव्यानंतर बॅचने असं एक काम हाती घेतलं, तर मी त्यात आहे.