टिपण एकाचं, सही दुसऱ्याची

मी सरकारी कारकून. वीसेक वर्षं टिपणं लिहितोय. मसुदा माझा, सही साहेबांची. कचेरीचा रिवाजच तसा, त्यामुळे तक्रार नाही. पण परवा एक जुनी रेकॉर्ड ऐकताना हा रिवाज आठवला आणि मनाला टोचणी लागली.

माझे एक ख्रिस्ती सहकारी गावच्या इगर्जीत व्हायोलिन वाजवतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाईल माझ्या कानाशी धरला. "हें आयक रे! आमचीच मिस, पूण ढोलार!" शब्द लॅटिन, नेहमीच्याच प्रार्थनेचे. पण खाली ढोल घुमत होते आणि वर मुलांचे कोवळे आवाज. ही 'मिस्सा लुबा'.

गोष्ट काँगोतली. तेव्हा तिथे बेल्जियमचं राज्य होतं. गिदो हाझन हे बेल्जियन फ्रान्सिस्कन पाद्री 1953 मध्ये कटांगा प्रांतातल्या कामिना गावी शाळा सांभाळायला गेले. आपली सेवा म्हणून स्वखुशीने परमुलखात गेलेला माणूस. अशी माणसं बहुधा शिकवायला जातात. हाझन शिकवता शिकवता ऐकूही लागले. नऊ ते चौदा वयाचे सुमारे 45 मुलगे आणि 15 शिक्षक घेऊन त्यांनी गायकवृंद उभा केला, त्याला बेल्जियमच्या राजाचं, बोदुआंचं नाव दिलं. पण पियानो किंवा ऑर्गन आणला नाही. तालाला तिथलीच वाद्यं, चालींना तिथल्याच गाण्यांचे घाट. 'सांक्तुस' हा भाग तर लुबा लोकांच्या निरोपाच्या गाण्याच्या वळणाचा आहे.

महत्त्वाचं म्हणजे हे संगीत आधी कागदावर लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून गाता गाता ते घडवलं. आपल्या भजनात एकाने आलाप घ्यावा, दुसऱ्याने उचलावा आणि पखवाजाने दोघांना सावरावं, तसं काहीसं. 23 मार्च 1958 रोजी कामिनाच्या मिशनमध्ये ते पहिल्यांदा मिसेत गायलं गेलं. त्याच वर्षी हा वृंद बेल्जियम, हॉलंड, जर्मनी फिरला आणि ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातही गायला.

त्याच प्रदर्शनात काँगोचं एक 'खेडं' मांडलं होतं. बांबूच्या कुंपणाआड जिवंत माणसं बसवलेली! बघे त्यांच्याकडे केळी आणि नाणी फेकत. शेवटी ती माणसं निषेध करून निघून गेली. एकाच प्रदर्शनात एकीकडे टाळ्या आणि दुसरीकडे केळी. दोन वर्षांनी, 30 जून 1960 रोजी, काँगो स्वतंत्र झाला.

रेकॉर्ड मात्र जगभर गेली. 1968 च्या 'इफ' या इंग्रजी चित्रपटात 'सांक्तुस' वाजलं आणि तरुणांच्या तोंडी बसलं. पुढे स्वरलिपी छापली गेली, देशोदेशीचे वृंद ती गाऊ लागले. संगीतकार म्हणून नाव कुणाचं? बहुतेक ठिकाणी हाझन यांचं. मुख्य गायक, शिक्षक जोआकिम न्गोई यांचं नाव तरी सापडतं. बाकीचे 'वृंद' या एका शब्दात मावले.

हाझन यांना मी दोष देत नाही. त्यांनी कान दिला नसता तर हे संगीत जन्मलंच नसतं. पण सही एकाची असली तरी टिपण पन्नास-साठ जणांनी मिळून लिहिलं होतं.

हे गोवेकराला वेगळं सांगायला नको. इगर्जीच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली आपली मुलं मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा राहिला. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना बांधली, पण लोकांच्या ओठी त्यांचं नाव आलं नाही. माजोर्डेचे अँथनी गोन्साल्विस यांनी त्याच 1958 साली मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण देशाला त्यांचं नाव कळलं ते 1977 मध्ये, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातून. तेही गमतीचं नाव म्हणून! असा खराखुरा माणूस आहे हे कितीजणांना ठाऊक होतं? 2012 मध्ये ते गेले.

दोन संस्कृतींचा संगम झाला, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण संगम आपोआप होत नाही. कुणीतरी घाम गाळून तो घडवतो, आणि वहीत बहुधा दुसऱ्याच्याच नावाने नोंद होते.

दुपारी सहकाऱ्यांना विचारलं, तुमच्या इगर्जीत तुम्हाला व्हायोलिन कुणी शिकवलं? त्यांनी एक नाव सांगितलं. ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि ते नाव कुठेही छापलेलं नाही. मी ते माझ्या डायरीत तारखेसह लिहून ठेवलं.

तुमच्या वाड्यावरचा पखवाजी, दशावतारातला पेटीवाला, फेस्ताला वाजवणारा ट्रंपेटवाला... त्यांची नावं विचारा, आणि आजच लिहून ठेवा.