उलट टपाली करार : एका चुकलेल्या पत्त्यापासून खामगावच्या ट्रंक कॉलपर्यंत

१/ २ सप्टेंबर १८१७. इंग्लंडमधील सेंट आईव्ह्ज गावच्या लोकरीच्या व्यापाऱ्यांनी एक पत्र टपालात टाकले. पत्त्यात परगण्याचे नाव चुकले होते. एवढ्याशा चुकीतून एक खटला उभा राहिला आणि त्याने कायद्यापुढे मूलभूत प्रश्न ठेवला : दूरच्या दोन माणसांमधला करार नेमका कोणत्या क्षणी जन्माला येतो? पुढे जवळपास दीडशे वर्षांनी हाच प्रश्न विदर्भातील खामगावशी येऊन भिडला.

२/ पत्र लिंडसेल यांच्या पेढीचे होते. ब्रॉम्सग्रोव्ह येथील ॲडम्स या लोकरी कापडाच्या कारखानदारांना त्यांनी ८०० टॉड लोकर देऊ केली होती. दर, टॉडमागे ३५ शिलिंग ६ पेन्स. टॉड म्हणजे २८ पौंडांचे माप. म्हणजे हा सौदा सुमारे १० टन लोकरीचा होता. अट एकच : उत्तर उलट टपाली यावे.

३/ ब्रॉम्सग्रोव्ह वूस्टरशायर परगण्यात आहे. पाकिटावर मात्र लेस्टरशायर असे लिहिले गेले. पत्र आधी भलतीकडे गेले आणि ५ सप्टेंबरच्या संध्याकाळी ७ वाजता ॲडम्स यांच्या हाती पडले. त्यांनी त्याच संध्याकाळी होकार लिहून टपालात टाकला.

४/ इकडे लिंडसेल यांच्या हिशेबाने उत्तर ७ तारखेपर्यंत यायला हवे होते. ते आले नाही. ८ तारखेला त्यांनी ती लोकर दुसऱ्याला विकून टाकली. ९ तारखेला ॲडम्स यांचा होकार येऊन पोहोचला. लोकर गेलेली होती. ॲडम्स न्यायालयात गेले.

५/ इंग्लिश कायद्याचा पाया येथे ध्यानात घ्यावा लागतो. एकाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो आहे तसा स्वीकारावा, म्हणजे दोघांची संमती जुळते. तिला मोबदल्याची जोड मिळाली की करार बंधनकारक होतो. स्वीकृतीपूर्वी मात्र प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणून सारा वाद तारखेचा होता. करार ५ तारखेला झाला असेल, तर लिंडसेल यांनी तो मोडला. ९ तारखेला व्हायचा असेल, तर तो झालाच नाही.

६/ लिंडसेल यांचे म्हणणे सरळ होते : होकार हाती पडेपर्यंत बंधन कसले? १८१८ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयाने ते फेटाळले. होकार पोहोचल्याशिवाय प्रस्ताव मांडणारा बांधला जात नसेल, तर तो पोहोचल्याची पोच मिळेपर्यंत होकार देणाऱ्यानेही स्वतःला मोकळे का समजू नये? मग त्या पोचेची पोच, तिचीही पोच. अशाने टपालाने एकही करार पुरा होणार नाही.

७/ न्यायालयाने म्हटले की पत्र वाटेत असताना क्षणोक्षणी तोच प्रस्ताव मांडला जात आहे असे समजावे. होकार दिला जाताच करार पुरा. उशीर लिंडसेल यांच्याच चुकीने झाला होता, म्हणून नुकसानही त्यांच्याच माथी आले. वाटेतला धोका कोणी सोसायचा, याचा हा निवाडा होता. टपालाचा मार्ग निवडला प्रस्ताव मांडणाऱ्याने, तेव्हा धोकाही त्याचाच. तो नको असेल, तर उत्तर प्रत्यक्ष हाती पडले पाहिजे अशी अट घालण्याची त्याला मुभा होतीच.

८/ या नियमाची खरी धग १८७९ मध्ये जाणवली. ग्रँट नावाच्या गृहस्थाने एका विमा कंपनीच्या १०० समभागांसाठी अर्ज केला. कंपनीने समभाग मंजूर केल्याचे पत्र टाकले. ते त्याला कधीच मिळाले नाही. पुढे कंपनी बुडाली आणि समभागांचे उरलेले पैसे त्याच्याकडे मागण्यात आले. बहुमताने निकाल गेला : पत्र टपालात पडले तेव्हाच करार झाला, ग्रँटने पैसे भरावेत. न्यायमूर्ती ब्रॅमवेल मात्र असहमत होते. जे पत्र पोहोचलेच नाही, ते कळवले कसे म्हणायचे, हा त्यांचा सवाल होता.

९/ नकाराचे काय? १ ऑक्टोबर १८७९ रोजी कार्डिफहून न्यू यॉर्कला कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यांच्या १००० पेट्यांचा प्रस्ताव निघाला. ८ तारखेला तो मागे घेणारे पत्रही निघाले. पण ११ तारखेला प्रस्ताव न्यू यॉर्कला पोहोचला आणि लगेच तारेने होकार गेला. माघारीचे पत्र आले २० तारखेला. १८८० मध्ये निकाल लागला : होकार रवाना होताच लागू होतो, माघार मात्र पोहोचल्यावरच. करार कायम राहिला.

१०/ दरम्यान १८७२ चा भारतीय करार अधिनियम आला होता. त्याच्या कलम ४ ने निराळी तोड काढली. होकार रवाना होऊन देणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेला की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. होकार देणारा मात्र तो समोरच्याला कळल्यावरच बांधला जातो. त्यामुळे होकाराचे पत्र वाटेत असताना तारेने ते रद्द करण्याची सोय भारतात उरली.

११/ टेलिफोनचे पेटंट निघाले १८७६ मध्ये, म्हणजे या कायद्यानंतर ४ वर्षांनी. शब्द तत्काळ पोहोचू लागले, तेव्हा टपालाचा नियम चालावा का? १९५५ मध्ये लंडन आणि ॲम्स्टरडॅम यांच्यातील टेलेक्स संदेशांच्या खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी नाही असे उत्तर दिले. नदीपलीकडून कोणी ओरडून होकार द्यावा आणि वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजात तो बुडून जावा, तर करार होत नाही. होकार ऐकू आला पाहिजे.

१२/ आता खामगाव. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि खामगावचा एक जिनिंग व तेलगिरणीचा कारखाना यांच्यात टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा ठरला. माल मिळाला नाही, असे म्हणत पेढीने अहमदाबादच्या न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. कारखान्याचे म्हणणे असे की, होकार खामगावात बोलला गेला, म्हणून करार खामगावचा. अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकारच नाही. सौदा ठरला तेव्हा दोन्ही गावे मुंबई राज्यात होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत ती दोन वेगळ्या राज्यांत गेली होती.

१३/ ३० ऑगस्ट १९६५ रोजी निकाल आला. न्यायमूर्ती शहा आणि वांछू यांनी ठरवले की, टपाल व तार यांचा नियम हा व्यापाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद आहे. टेलिफोनवर बोलणारे जणू समोरासमोरच असतात. होकार जेथे ऐकला गेला तेथे, म्हणजे अहमदाबादेत, करार झाला.

१४/ न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले. कलम ४ चे शब्द स्पष्ट आहेत. उच्चारलेला होकार बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही, म्हणून करार खामगावचा. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन नव्हता हे त्यांना मान्य होते. तरीही शब्द बदलण्याचे काम न्यायालयाचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

१५/ निकाल बहुमताचा ठरला आणि दावा अहमदाबादेत चालला. लोकर असो वा सरकीची पेंड, प्रश्न एकच होता : शब्द वाटेत असताना जोखीम कोणाची? टपालात ती प्रस्ताव मांडणाऱ्याची ठरली. टेलिफोनवर आपला होकार पलीकडे नीट ऐकू गेला की नाही, हे पाहणे होकार देणाऱ्याचे काम झाले.

(समाप्त)