रस्ता ठेकेदाराने खोदला, पडलो आपण. मग भरपाई कुणाकडे मागायची?

नेरूळच्या कुठल्याही सेक्टरमध्ये रस्त्याचं किंवा गटाराचं काम सुरू असलं की तिथे एक फलक असायला हवा. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, खर्च, मुदत. (फलकच दिसत नाही, असंही होतं.) या फलकामागे महापालिका आणि ठेकेदार यांच्यातला एक जाडजूड करारनामा असतो आणि तुमच्या-आमच्या सुरक्षेच्या अटी त्यातच लिहिलेल्या असतात. खड्ड्याभोवती बॅरिकेड लावणं, रात्री दिवे आणि रिफ्लेक्टर, पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट, उघड्या चेंबरवर झाकण, वाहतूक वळवल्याचे फलक. रस्त्यावर काम सुरू असताना वाहतूक कशी सांभाळायची यावर इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिकाही आहे, आयआरसी एसपी ५५.

म्हणजे नियम नाहीत अशी परिस्थिती नाही. मग दोरी आणि दोन विटांवर काम का भागतं?

एक कारण पैशांचं आहे. सरकारी निविदेत पात्र ठरलेल्यांपैकी सर्वात कमी दर देणाऱ्याला काम मिळतं. डांबर, काँक्रीट, पाइप यांचे दर तक्त्यात वेगवेगळे धरलेले असतात आणि जेवढं मोजलं तेवढं बिल निघतं. सुरक्षेचा खर्च मात्र अनेकदा ‘कामाच्या दरातच समाविष्ट’ असतो. बॅरिकेड लावले तरी बिल तेवढंच, नाही लावले तरी तेवढंच. दर कमी करून काम घेतलेला ठेकेदार काटछाट कुठे करणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

करार मोडला तर पालिकेच्या हातात काय असतं? बरंच काही. निविदा भरताना अनामत रक्कम घेतली जाते, काम मिळाल्यावर सुरक्षा ठेव किंवा बँक गॅरंटी. दंड बिलातून कापता येतो. काम संपल्यावरही ठेकेदार लगेच सुटत नाही. ठरावीक काळ तो ‘दोषदायित्व कालावधी’त असतो, या काळात रस्ता उखडला तर त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. शेवटचं हत्यार म्हणजे काळी यादी.

पण हे सगळे अधिकार पालिकेचे. तुम्ही त्या करारात पक्षकार नाही. दुचाकी घसरून तुमचा हात मोडला तर करारातली अट मोडली म्हणून तुम्ही थेट ठेकेदाराची सुरक्षा ठेव मागू शकत नाही. पालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पालिकेकडे आणि प्लॅस्टर आपल्या हाताला.

हायकोर्टाने काय बदललं?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने या टोलवाटोलवीवर आदेश दिला. प्रकरण जुनं आहे. २०१३ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्यावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. २०१८ मध्ये त्यावर निर्देशही दिले गेले. ते पाळले जात नाहीत म्हणून प्रकरण पुन्हा कोर्टात आलं.

नव्या आदेशानुसार, खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. ही रक्कम इतर कायद्यांखाली मिळणाऱ्या भरपाईशिवायची आहे. महापालिका हद्दीत ती ठरवण्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे आपल्यासाठी ते प्राधिकरण ठाण्याचं. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत त्याची दखल घ्यायची.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे आधी यंत्रणेने द्यायचे आणि मग जबाबदार ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. म्हणजे कुणाची चूक हे भांडण त्यांनी आपसात मिटवायचं, तोवर जखमी माणसाने थांबायचं नाही. करारातल्या सुरक्षेच्या अटीला इथे पहिल्यांदा रुपयांतली किंमत आली, असं मला वाटतं. ६ लाख ही माणसाच्या जिवाची किंमत म्हणून फारच थोडी आहे, पण चार बॅरिकेडच्या खर्चापुढे ती नक्कीच मोठी आहे.

याआधीही एक तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल यांत ठरवून दिलेली सुरक्षा मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम फारसं चर्चेत नसतं. पण त्यात कोर्टाने काय तपासायचं हे लिहिलंय: धोका आहे हे यंत्रणेला माहीत होतं का, आणि इशारा देणारे फलक लावले होते का. म्हणूनच आधी केलेली लेखी तक्रार इतकी उपयोगी पडते. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं मग म्हणता येत नाही.

पण रस्ता कुणाचा?

नेरूळमधली खरी अडचण ही आहे. सेक्टरमधले अंतर्गत रस्ते आणि पाम बीच रोड नवी मुंबई महापालिकेकडे, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, स्टेशनची इमारत सिडकोने बांधलेली, रूळ मध्य रेल्वेचे. शिवाय वीज, गॅस, इंटरनेट यांच्या वाहिन्या टाकायला वेगळे ठेकेदार येतात. ते पालिकेची खोदाई परवानगी घेतात, पण त्यांचा मालक दुसराच असतो. तक्रार चुकीच्या दारात गेली की ती फिरत राहते.

मालकीच्या या गुंत्यात काय होऊ शकतं हे १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये दिसलं. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. परवानगी त्यांच्या बाजूने दिली गेलेली आणि मुंबई महापालिकेचं म्हणणं, आमची परवानगी घेतलीच नाही.

गटारात माणूस उतरवला तर?

इथे करारात काय लिहिलंय याला अर्थच उरत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे; पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘कामगार ठेकेदाराचा होता’ हा बचाव पालिकेला पुरत नाही. तुमच्या सोसायटीलाही नाही, कारण कायदा काम करून घेणाऱ्या कुणालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. टँक साफ करायला कमी पैशांत माणूस बोलावणाऱ्या सोसायटी कमिट्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तुम्ही काय करू शकता?

उघडा खड्डा किंवा चेंबर दिसला तर तारीख-वेळ कळेल असा फोटो काढा, फलक असेल तर त्याचाही. नेरूळ विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या किंवा पालिकेच्या ऑनलाइन तक्रार यंत्रणेत नोंदवा, आणि क्रमांक जपून ठेवा. फक्त रील टाकून थांबू नका. व्ह्यूज कितीही मिळाले तरी त्याला आवक क्रमांक मिळत नाही.

अपघात झालाच तर पोलिसांत नोंद, रुग्णालयाची कागदपत्रं आणि जागेचे फोटो, हे तीन कागद आधी जमवा. मग अर्ज समितीकडे.

आणि माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांच्या अर्जात त्या कामाचा करारनामा, कार्यादेश, दोषदायित्व कालावधी कधी संपतो आणि ठेकेदाराला आजवर किती दंड झाला, हे विचारता येतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे या कायद्याने तुम्हाला कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलाय. तुमच्या गल्लीतल्या नव्या काँक्रीटचा नमुना तुम्ही रीतसर मागू शकता.