परराज्यात बिऱ्हाड हलविताना मोटारीचे काय?

नोकरीतील बदली, मुलांचे शिक्षण किंवा निवृत्तीनंतरचे वास्तव्य अशा कारणांनी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. पलंग, कपाटे, भांडीकुंडी यांची बांधाबांध कशी करावी हे घरोघरी ठाऊक असते. दाराशी उभी असलेली मोटार मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मग मालवाहतूकदाराने सामानाबरोबर "गाडीचेही बघून घेऊ" असे सांगितले, की सुटकेचा निःश्वास टाकून किल्ली त्याच्या हाती दिली जाते. घराखालोखाल सर्वांत मौल्यवान अशी ही मालमत्ता अनोळखी माणसाच्या स्वाधीन होत असताना कुटुंबाचे लक्ष ट्रेलर चांगला आहे ना, गाडीला ओरखडा तर पडणार नाही ना, याकडेच असते. प्रत्यक्षात पुढील नुकसान टळते किंवा वाढते ते त्या वेळी हाती घेतलेल्या कागदांवरून.

गाडी पाठवावी की चालवत न्यावी, हा पहिला प्रश्न अंतराचा आहे. पुणे ते बंगळुरू हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर असून राष्ट्रीय महामार्ग ४८ने ते दोन दिवसांत आरामात कापता येते. घरात दोघे चालविणारे असतील आणि गाडी सुस्थितीत असेल, तर इंधन, टोल व एका रात्रीचा मुक्काम धरूनही हा प्रवास बहुधा ट्रेलरच्या भाड्याहून महाग पडत नाही. मुंबई ते कोलकाता हे सुमारे दोन हजार किलोमीटर किंवा पुणे ते गुवाहाटी हे अडीच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर असेल, तर मात्र लहान मुले व वृद्धांसह तो उपद्व्याप करण्यात अर्थ नाही.

रेल्वेचा पर्याय दुचाकीसाठी सोयीचा आहे. पार्सल कार्यालयात ती बांधून देता येते. कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारी विशेष वाघिणींतून देशभर जातात, पण एका कुटुंबाच्या एका मोटारीला तेथे सहसा जागा नसते. कोकण रेल्वेने २०२५च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा या मार्गावर मोटारींसाठी रो-रो सेवा चालविली. एका मोटारीस ७,८७५ रुपये भाडे आणि मोटारीबरोबर त्याच गाडीच्या डब्यातून तीन प्रवासी, अशी ती योजना होती. मालमोटारींसाठी अशी सेवा कोकण रेल्वे १९९९पासून चालवीत आहे. कल्पना उत्तम असली तरी ती सणापुरती व एकाच मार्गापुरती होती. घर हलविणाऱ्याला अखेर रस्त्यावरच्या ट्रेलरकडेच वळावे लागते.

ट्रेलर भरेपर्यंत

मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर सहा ते आठ गाड्या मावतात. एवढे लांब वाहन शहराच्या गल्लीबोळांत शिरू शकत नाही. त्यामुळे वाहतूकदाराचा माणूस घरी येतो, गाडी चालवत शहराबाहेरच्या आवारात नेतो आणि त्या दिशेने जाणाऱ्या आणखी गाड्या जमेपर्यंत ती तेथे उभी राहते. "चार दिवसांत पोहोचेल" हे आश्वासन अनेकदा दहा-बारा दिवसांवर जाते ते याच कारणाने. नेहमीच्या मार्गांवर ट्रेलर लवकर भरतात. आडवळणाच्या गावी जाणारी गाडी वाटेत एका ट्रेलरवरून दुसऱ्यावर चढविली जाते, आणि ओरखडे व पोचे पडतात ते अशाच चढ-उतारांच्या वेळी. काही जण तर ट्रेलरचे पैसे घेऊन गाडी चक्क चालवत नेतात. निघताना किलोमीटरचा आकडा बिल्टीवर लिहून घेतला, तर ही लबाडी पोहोचताच उघडी पडते.

गाडी सोपविण्यापूर्वी ती धुऊन, दिवसाच्या उजेडात चारही बाजूंनी, आतून आणि छतावरून छायाचित्रे काढावीत. असलेल्या ओरखड्यांची यादी करून तिच्यावर नेणाऱ्याची सही घ्यावी. इंधन पाव टाकीहून अधिक ठेवू नये. आरसीची प्रत द्यावी, मूळ आरसी देऊ नये. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागदपत्रे २०१८पासून अधिकृत मानली जातात. मोटारीत घरगुती सामान भरून पाठविण्याचा मोह टाळावा, कारण त्या सामानाची जबाबदारी कोणीच घेत नाही. काचेवरील फास्टॅग जाड अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकावा. ट्रेलर टोलनाक्यावरून जाताना वरच्या गाड्यांचे टॅगही वाचले जाऊन मालकाच्या खात्यातून पैसे कापले जाण्याची शक्यता असते.

बिल्टीवरील बारीक अक्षरे

मालवाहतुकीच्या पावतीला व्यवसायात बिल्टी म्हणतात. हा कागद हजार वेळा पाहिलेला असतो, वाचलेला मात्र नसतो. बहुतेक बिल्ट्यांवर "माल मालकाच्या जोखमीवर" असे छापलेले असते, आणि ते वाचून नुकसान झालेला ग्राहक गप्प बसतो. कायदा इतका एकतर्फी नाही. १८६५च्या, म्हणजे बैलगाडीच्या काळातील कायद्याची जागा २००७च्या रस्ते वाहतूक कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०११पासून लागू झाला. त्यानुसार मालवाहतूकदाराने नोंदणी करणे बंधनकारक आहे. माल गहाळ झाला किंवा त्याचे नुकसान झाले, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नाही.

त्याच कायद्याखालील नियमांत वाहतूकदाराच्या बाजूची एक तरतूद आहे, आणि तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ग्राहकाने जास्त जोखमीचा दर लेखी मान्य करून भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. समजा, भाडे बारा हजार रुपये आहे आणि गाडीची किंमत सहा लाख. ट्रेलर उलटून गाडी भंगारात गेली, तरी वाहतूकदाराकडून मागता येणारी रक्कम १ लाख २० हजारांच्या पुढे जात नाही. म्हणून गाडीचे खरे मूल्य माल पाठविण्याच्या अर्जावर आणि बिल्टीवर नोंदवून घेणे आणि जास्त जोखमीचा दर किती, हे विचारणे आवश्यक ठरते. भाड्यात घासाघीस करणारे ग्राहक हा प्रश्न विचारीत नाहीत, हे या व्यवसायाचे मोठे सुख आहे.

नुकसानीची लेखी नोटीस बिल्टीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. अन्यथा दावा टिकत नाही. ही मुदत गाडी पोहोचल्यापासून नव्हे, तर माल नोंदविल्यापासून मोजली जाते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२०मध्ये लागू झाला, तक्रारदार जेथे राहतो तेथील ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. पुण्याहून बंगळुरूला गेलेल्या कुटुंबाला आता त्यासाठी पुण्यात खेटे घालावे लागत नाहीत.

विमा नेमका कोणाचा?

बांधाबांध करणाऱ्या कंपन्या भाड्याबरोबर गाडीच्या किमतीच्या काही टक्के "ट्रान्झिट विमा" म्हणून आकारतात. यातील कित्येकदा विमा कंपनीचा संबंधच नसतो. वाहतूकदाराने स्वतःच्या कागदावर दिलेले ते आश्वासन असते. विमा कंपनीची पॉलिसी, तिच्यावर गाडीचा क्रमांक व मालकाचे नाव हे हाती आल्याशिवाय तो पैसा विम्याचा समजू नये.

दुसरीकडे, स्वतःच्याच कपाटात असलेला विमा अनेकांच्या ध्यानात येत नाही. खासगी मोटारीच्या सर्वंकष पॉलिसीत रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, उद्वाहक किंवा विमानाने गाडी नेली जात असताना होणारे नुकसान सामान्यतः अंतर्भूत असते. सागरी मार्गाचा त्या यादीत समावेश नाही, त्यामुळे अंदमानला गाडी नेणाऱ्याने वेगळा विमा घ्यावा. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्यास हे संरक्षण मुळीच नाही. अर्थात स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला, की साठलेला नो क्लेम बोनस जातो, आणि तो पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो. लहानसहान ओरखड्यांसाठी वाहतूकदाराकडून घेतलेली खरी ट्रान्झिट पॉलिसी म्हणूनच उपयोगी पडते.

या व्यवसायातील सर्वांत त्रासदायक प्रकार अपघाताचा नाही. नामांकित कंपनीशी मिळतेजुळते नाव, सर्वांत कमी भाडे, आगाऊ रक्कम आणि मग गाडी आवारात अडकल्यावर निघणारी वाढीव मागणी, अशी ती पद्धत आहे. "चेकपोस्टवर प्रवेशकर भरावा लागला", "जकात लागली" अशी कारणे सांगितली जातात. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला तेव्हा राज्यांचे प्रवेशकर त्यात विलीन झाले आणि मुंबईतील जकातही त्याच दिवशी संपली. घरगुती मोटारीसाठी अशी रक्कम मागणारा माणूस सरकारच्या नव्हे, स्वतःच्या खिशासाठी मागत असतो. निम्म्याहून अधिक भाडे गाडी ताब्यात येईपर्यंत रोखून धरणे हा यावर साधा उपाय आहे.

नोंदणीचे राज्यांतर

गाडी पोहोचली, की प्रवास संपला असे वाटते. परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७नुसार परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, उदाहरणार्थ पुण्याहून नागपूरला, बिऱ्हाड हलविल्यास क्रमांक बदलत नाही. पत्त्यातील बदल मात्र तीस दिवसांत कळवावा लागतो. या बारा महिन्यांवरून रस्त्यात वाहतूक पोलिसांशी वाद झडतात. कर्नाटकाने तर २०१४मध्ये परराज्यातील गाड्यांना तीस दिवसांनंतरच आजीवन कर लावणारी दुरुस्ती केली होती. ती तेथील उच्च न्यायालयाने २०१६मध्ये रद्दबातल ठरविली. गाडी राज्यात कधी आली, याचा उत्तम पुरावा म्हणजे तीच बिल्टी. ती निदान वर्षभर गाडीत ठेवावी.

नव्या क्रमांकासाठी जुन्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते व त्यासाठी नमुना २८ भरावा लागतो. हे प्रमाणपत्र एका विशिष्ट कार्यालयाच्या नावे दिले जाते. बंगळुरूत कोरमंगला, इंदिरानगर, कृष्णराजपुरम अशी निरनिराळी कार्यालये असल्याने घराचा पत्ता पक्का होण्याआधी अर्ज केल्यास सगळी यातायात पुन्हा करावी लागते. थकलेले ई-चलान आधी भरून टाकावे. कर्ज फिटले नसेल तर बँकेची लेखी संमती घ्यावी. अर्जावर तीस दिवसांत निर्णय न झाल्यास प्रमाणपत्र दिले आहे असे मानावे, असे कायदा म्हणतो; नव्या राज्यातील लिपिकाला हे पटवून देणे मात्र निराळ्या कौशल्याचे काम आहे.

खरा भुर्दंड कराचा आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर खरेदीवेळी ११ टक्के आजीवन कर भरलेला असतो. नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार पुन्हा कर भरावा लागतो, आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा नंतर मिळतो. म्हणजे घरभाड्याची अनामत, शाळेची फी यांच्या जोडीला एकाच मोटारीचे दोन कर काही काळ खिशातून जातात. जुन्या डिझेल गाडीसह दिल्लीला निघालेल्यांनी तर गाडी हलविण्याआधीच विचार करावा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२५मध्ये काही दिलासा मिळाला असला, तरी तशी गाडी विकून टाकणे बहुधा स्वस्त पडते.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१पासून भारत अर्थात बीएच मालिका उपलब्ध आहे. केंद्र व राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दलातील व्यक्ती, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील नोकरदार तिला पात्र आहेत. पेट्रोल मोटारीवर किमतीनुसार ८, १० किंवा १२ टक्के दराने कराची गणना होते व तो दोन वर्षांच्या पटीत भरावा लागतो. डिझेलला दोन टक्के अधिक, विजेवरील गाडीला दोन टक्के कमी. डिसेंबर २०२२च्या दुरुस्तीने जुन्या क्रमांकाच्या गाड्यांनाही यात येण्याची वाट खुली केली. पुढील पाच-सात वर्षांत दोनदा शहर बदलण्याची शक्यता असेल, तर हा मार्ग निश्चितच पाहण्याजोगा आहे.

नवा क्रमांक मिळाल्यावर तो विमा पॉलिसीवर व फास्टॅगवर चढवून घ्यावा. जुन्या क्रमांकाच्या पॉलिसीवर दावा अडकतो. त्यानंतर नव्या राज्याची आरसी आणि तेथे भरलेल्या कराची पावती जोडून महाराष्ट्रातील मूळ आरटीओकडे परताव्याचा अर्ज करावा. या अर्जासोबत मूळ करपावती मागितली जाते. ती जुन्या घरातील रद्दीबरोबर गेलेली नाही, एवढे बिऱ्हाड बांधतानाच पाहिलेले बरे.