ऑलिव्हर! (१९६८ चा चित्रपट)

ऑलिव्हर! हा १९६८ साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश संगीतपट आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१८३७–३९) या कादंबरीवर लायोनेल बार्ट यांनी १९६० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर संगीतिका आणली. कॅरोल रीड दिग्दर्शित हा चित्रपट त्या संगीतिकेवर आधारलेला आहे. बार्ट यांना स्वरलिपी येत नसे. ते चाली गुणगुणत आणि इतर त्या लिहून घेत.

कथानक

गरीबखान्यात वाढलेला अनाथ ऑलिव्हर पेज संपल्यावर आणखी मागतो, या ‘अपराधा’बद्दल त्याला विकले जाते. तो पळून लंडनला येतो व फेगिन नावाच्या म्हाताऱ्याने पोसलेल्या खिसेकापू मुलांच्या टोळीत सापडतो. दरोडेखोर बिल साइक्सची प्रेयसी नॅन्सी त्याला सोडवू पाहते आणि त्यापायी प्राणाला मुकते.

कादंबरीपासून फारकत

मंक्स हा सावत्रभाऊ व मेली कुटुंब यांची उपकथानके चित्रपटात गाळली आहेत. विस्तार पाहता हे स्वाभाविकच होते. खरा बदल फेगिनच्या व्यक्तिरेखेत आहे.

डिकन्स यांनी मूळ कादंबरीत फेगिनचा उल्लेख पुनःपुन्हा केवळ ‘ज्यू’ असा केला होता. एलायझा डेव्हिस या ज्यू महिलेने १८६३ मध्ये पत्र लिहून त्याबद्दल खेद व्यक्त केला. पुढे १८६७ च्या आवृत्तीत उत्तरार्धातील असे बरेच उल्लेख डिकन्स यांनी बदलले. तरीही ही प्रतिमा पुसली गेली नाही. डेव्हिड लीन यांच्या १९४८ च्या चित्रपटात अ‍ॅलेक गिनेस यांनी मोठे कृत्रिम नाक लावून फेगिन रंगवला, तेव्हा तीव्र निषेध झाला आणि अमेरिकेतील प्रदर्शन १९५१ पर्यंत लांबले.

बार्ट स्वतः ज्यू होते आणि रंगभूमीवर व पडद्यावर फेगिन साकारणारे रॉन मूडी हेही ज्यूच. त्यांचा फेगिन लबाड आहे, भित्रा आहे, पण मुलांना खाऊ घालणारा, विनोदी आणि एकाकीही आहे. त्याच्या गाण्यांत पूर्व युरोपातील ज्यू लोकसंगीताची छटा ऐकू येते. कादंबरीत फेगिनला फाशी होते व डॉजर या पोराला काळ्या पाण्याची शिक्षा मिळते. चित्रपटात दोघे पहाटेच्या उजेडात हातात हात घालून नव्या चोऱ्यांकडे निघून जातात. जुना अन्याय यामुळे पुष्कळ सौम्य झाला, हे खरे. मात्र मुलांना गुन्ह्यात ढकलणाऱ्या माणसाविषयीची डिकन्स यांची चीडही त्याबरोबर ओसरली. गरीबखान्याचे दृश्यदेखील गाण्याच्या भरात काहीसे गोड होते. साइक्सचे गाणे गाळल्याने ऑलिव्हर रीड (दिग्दर्शकाचे पुतणे) यांचा साइक्स मात्र अखेरपर्यंत भीतिदायकच राहतो.

निर्मिती व पुरस्कार

लंडनचे रस्ते शेपर्टन स्टुडिओत उभारण्यात आले. सकाळच्या चौकात दूधवाल्या, फुलवाली, धार लावणारा अशा फेरीवाल्यांच्या आरोळ्या एकेक करून मिसळत जातात, ते दृश्य ओना व्हाइट यांच्या नृत्यदिग्दर्शनाचा उत्तम नमुना होय. मार्क लेस्टर या बालनटाच्या तोंडची गाणी प्रत्यक्षात संगीत संयोजक जॉनी ग्रीन यांची कन्या कॅथी हिने गायिली आहेत.

चित्रपटाला ११ ऑस्कर नामांकने मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन, ध्वनी व संगीत हे पाच पुरस्कार त्याने जिंकले. व्हाइट यांना विशेष पुरस्कार देण्यात आला. मूडी आणि डॉजर झालेला जॅक वाइल्ड यांना नामांकनावरच समाधान मानावे लागले. यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान संगीतपटाला मिळाला तो थेट ‘शिकागो’ (२००२) ला. बार्ट यांनी आपल्या संगीतिकेचे हक्क आर्थिक अडचणीत विकून टाकले होते. १९७२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले.