सव्वादोनचा हात

माझ्या पणजीच्या जन्माची नोंद कुठेच नाही. तिला आम्ही बडी मां म्हणायचो. वय विचारलं की ती सांगायची, "मानमोडीच्या पुढच्या साली माझं लग्न झालं. तेव्हा मी चौदाची असेन." मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या हिशेबाने तिचा जन्म १९०५च्या आसपासचा. १९९६च्या रमजानमध्ये ती गेली, तेव्हा नव्वदी पार केलेली होती.

औसा तालुक्यातल्या एका गावात, एकाच माळवदाच्या घरात तिचा सगळा संसार झाला. त्या घरातून न हलता तिने निजामाची रियासत पाहिली, नंतरचं हैदराबाद राज्य पाहिलं, १९५६चं द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६०चा महाराष्ट्रही पाहिला. १९८२ साली उस्मानाबादमधून लातूर वेगळा झाला, तेव्हा जिल्हाही बदलला. ती म्हणायची, "सरकारं बदलतात, मापं नाही बदलत."

मापं म्हणजे मनगटांची. आम्ही मणेर. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. डोक्यावर टोपली घेऊन बडी मां आठ-दहा गावं पायी फिरायची. बाईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून पाहिलं, की माप कळायचं. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. नावं विसरली तरी माप विसरायची नाही. बांगड्या भरता भरता पोरीला हसवायची, म्हणजे हात सैल पडतो. कुठल्या घरात सासू त्रास देते, कुणाच्या मुलीला स्थळ पाहायचं आहे, कुणाला दिवस गेले आहेत, हे तिला नवऱ्यांच्या आधी कळायचं. बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही. "वाढली" म्हणायची. भरून झालं की बायका तिला वाकून नमस्कार करायच्या, पसाभर ज्वारी टोपलीत टाकायच्या. घरात ती दखनी बोलायची आणि उंबरा ओलांडला की आमच्या भागातली चोख मराठी.

सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार खरे आहेत. ते मी वर्गात शिकवते, आणि शिकवलेच पाहिजेत. पण त्यानंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशीही माणसं मारली गेली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने राज्यभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

बडी मां आणि तिची मुलं तीन रात्री शेजारच्या पाटलांच्या घरात होती. भिंतीतल्या बळदात ज्वारीवर कांबळं टाकून त्यांना बसवलं होतं. पाटलीणबाई वरून भाकरी सोडायच्या. मुलं वाचली. पणजोबा मात्र बाजाराला गेले होते, ते परत आलेच नाहीत. मय्यत मिळाली नाही, कबर नाही. बडी मांने स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढल्या आणि इद्दतीला बसली.

चार महिने दहा दिवस बाहेर पडता येत नाही. मध्ये संक्रांत आली. बांगड्यांचा सगळ्यात मोठा हंगाम, आणि टोपली कोपऱ्यात पडलेली. त्या वर्षी गावच्या बायकाच आमच्या दारी आल्या. कुणी पीठ आणलं, कुणी तीळगूळ. मोकळ्या हातांनी तिने सगळ्यांच्या बांगड्या भरल्या. पणजोबांवर ज्याने हात टाकला, त्याच्या घरची सूनही त्यात होती. बडी मांला ते ठाऊक होतं. तिचाही हात तिने हातात घेतला.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. मी विचारलं, "कोण होता तो?" ती म्हणाली, "नाम लेके क्या करना? उसकी पोती को भी चुडा मैंच भरी."

पुष्कळ लोकांना ही गोष्ट सांगितली की ते सलोख्याचं उदाहरण म्हणून मान डोलावतात. मला ते तितकंसं पटत नाही. घरात खाणारी तोंडं होती आणि गाव तेच होतं. गावाशी बोलणं तोडणं तिला परवडणारं नव्हतं. तिने माफ केलं होतं का, हे तिने कधीच सांगितलं नाही. पण इतकं मी पाहिलं, की ती हसायची ते खोटं हसणं नव्हतं. एसटीचे ड्रायव्हर तिच्यासाठी गाडी थांबवायचे. लग्नघरी ती पोहोचेपर्यंत चुडा भरायला दुसऱ्या कुणाला बसवत नसत.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावातही माळवदं बसली. बडी मां लिंबाखाली बाजेवर होती. कोण कोण गेलं ते लोक येऊन सांगत होते. एकेका बाईचं नाव ऐकलं की ती डोळे मिटून फक्त माप बोलायची. "अडीच." मग थोड्या वेळाने, "सव्वादोन." पाटलांच्या घरातली थोरली सून गेली, तेव्हा मात्र ती काहीच बोलली नाही. बळदात भाकरी सोडणाऱ्या बाईची ती सून.

पुढे बीएडला असताना मुक्तिसंग्रामावर पाठ घ्यायचा होता. मी टाचण काढलं, सनावळ्या लिहिल्या, फौजा कुठून शिरल्या ते लिहिलं. बळद कुठे लिहायचं ते मला सुचेना. तो पाठ मी बळदाशिवायच घेतला. पूर्ण गुण मिळाले.

आता दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की मी मुलांना रझाकारांबद्दल सांगते, सुंदरलाल अहवालाबद्दल सांगते आणि मग बळदाबद्दलही. कुणीतरी विचारतंच, "बाई, मारणारा कोण होता?" मी सांगते, मला माहीत नाही. ते खरंच आहे. नाव ती सोबत घेऊन गेली. इतिहासाची शिक्षिका म्हणून ते नाव मला हवं होतं. तिची पणती म्हणून हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

माझा हात सव्वादोनचा. तिनेच मोजला होता.