बाबागाडी आणि कनांग्राचे पठार

मूल झाले की ट्रेकिंग संपले, असे आपल्यात गृहीतच धरले जाते. आम्हीही तसेच धरले होते. कॉलेजात असताना राजमाची, हरिश्चंद्रगड, रतनगड पालथे घातले. सिडनीला आल्यावर ब्ल्यू माउंटन्सच्या पायवाटा तुडवल्या. मग मुलगी झाली आणि बूट गॅरेजमधल्या खोक्यात गेले. ‘लेकराला घेऊन रानात कशाला कडमडता?’ हे आईचे फोनवरचे वाक्य ठरलेलेच. ते बूट पुन्हा बाहेर निघाले एका बाबागाडीमुळे. तिची हकीकत मंडळातल्या तरुण आईबाबांना सांगावी, म्हणून हा लेख.

या डोंगरांचा इतिहास बहुधा १८१३ पासून सांगतात. त्या वर्षी ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ या तिघांनी गोऱ्या वसाहतीसाठी डोंगर ओलांडण्याची वाट शोधली. पण त्याआधी हजारो वर्षे गंडुनगुरा आणि दारुग लोक याच दऱ्यांतून मुलाबाळांसह वावरत होते. म्हणजे लेकरे घेऊन या रानात चालणे ही काही नवी टूम नव्हे. ती नवी वाटते ती शहरात राहणाऱ्यांना.

शहरी लोकांची हौशी भटकंती इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली. माइल्स डनफी (१८९१–१९८५) हे वास्तुकला शिकवणारे गृहस्थ. १९१४ मध्ये त्यांनी मित्रांसह ‘माउंटन ट्रेल्स क्लब’ काढला. ही मंडळी पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसेंदिवस चालत. डनफी हाताने बारकाईने नकाशेही काढत. मात्र हा क्लब फक्त पुरुषांचा होता. पुढे १९२७ मध्ये त्यातल्याच लोकांच्या पुढाकाराने ‘सिडनी बुश वॉकर्स’ निघाला आणि तिथे स्त्रियांनाही प्रवेश मिळाला.

१९२९ मध्ये माइल्स आणि मार्गारेट यांना मुलगा झाला, मायलो. आता डनफींचेही बूट खोक्यात जायला हवे होते, नाही का? झाले उलटेच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जोडपे ओबेरॉन गावाहून कनांग्राच्या कड्यांकडे पायी निघाले, तेही तान्हेपण जेमतेम सरलेल्या मायलोला बाबागाडीत बसवून! त्या गाडीला त्यांनी थाटाचे नाव दिले होते, ‘कनांग्रा एक्स्प्रेस’. वाट होती बॉइड पठारावरून जाणारी. हे पठार ध्यानात ठेवा, त्याचा संबंध पुढे यायचा आहे.

त्याच सुमारास या भटक्यांची परीक्षा पाहणारा प्रसंग घडला. १९३१ च्या ईस्टरला काही जण ग्रोझ दरीतल्या ‘ब्ल्यू गम’ वृक्षांच्या जंगलात मुक्कामाला होते. तिथे त्यांना जमिनीचा पट्टेदार भेटला. ती उंचच उंच झाडे तोडून अक्रोडाची लागवड करायचा त्याचा बेत होता. भटक्यांनी पैसे गोळा करायचे ठरवले. मंदीचे दिवस, अनेकांना नोकरी नाही. तरी १३० पौंड उभे केले, त्याचा हक्क सोडवून घेतला आणि १९३२ मध्ये ते जंगल राखीव झाले. या मोहिमेत डनफीही होते. पूर्ण ब्ल्यू माउंटन्सचे राष्ट्रीय उद्यान व्हावे, असा आराखडा त्यांनी मांडला होता. त्यातले पहिले उद्यान जाहीर व्हायला १९५९ उजाडले. कनांग्रा-बॉइड उद्यान १९६९ मध्ये झाले.

पण बॉइड पठाराचा प्रश्न सुटला नव्हता. तिथले मूळचे रान काढून पाइनची लागवड करण्याची सरकारी योजना होती. १९७० च्या दशकात तिच्याविरुद्ध मोठी मोहीम झाली. तिच्या अग्रभागी कोण होता? बाबागाडीतला मायलो! ज्या पठारावरून आईबापांनी त्याला ढकलत नेले, तेच पठार त्याने सोबत्यांच्या मदतीने वाचवले. आज ते उद्यानात आहे. मायलो १९९६ मध्ये गेला. २००० मध्ये ‘ग्रेटर ब्ल्यू माउंटन्स’ला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेव्हा क्षेत्र होते दहा लाख हेक्टरांहून अधिक.

हे वाचून आम्ही तीन वर्षांच्या लेकीला घेऊन कनांग्राला गेलो. गाडीतळापासून कड्यापर्यंतची वाट अगदी थोडी, पण आम्हाला तास लागला. वाटेत मुंग्यांची रांग होती, मग एक बँक्सियाचे बोंड सापडले, मग रुसवा. पूर्वीचे आम्ही एवढ्यात अर्धा गड चढलो असतो. कड्यावर पोचल्यावर तिने खाली दरीत पाहिले आणि विचारले, “हे कुणाचं आहे?”

उत्तर पटकन सुचले नाही. आपण बाहेरून आलेली माणसे, हे डोंगर आपले कसे म्हणायचे, हा संकोच आमच्या मनात इतकी वर्षे होता. शेवटी म्हटले, “जे सांभाळतात त्यांचं.” ती म्हणाली, “मग मी सांभाळीन.” आणि खिशातले बोंड काढून जागच्या जागी ठेवून आली.

तेव्हा मंडळी, बूट बाहेर काढा. पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या, कुठे जातो ते घरी सांगून ठेवा, कारण तिथे मोबाइल चालत नाही. शिखर गाठायची घाई करू नका. मूल जितके चालेल तितकाच ट्रेक. आणि आईचा फोन आला, तर तिला कनांग्रा एक्स्प्रेसची गोष्ट सांगा. आम्ही सांगितली. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “बरं, पण पोरीला स्वेटर घाला.”